घरच्या चित्रगृहांतील ध्वनीची जुळणी



ह्या घटकेस मी जें बोलत आहें तें आपणांपैकीं बहुतेकांस एकाच पेटींतून, एकाच ठिकाणाहून ऐकूं येत असेल. माझ्या उजव्या हातास खिडकी आहे कीं भिंत, माझ्यामागें कोणी उभें आहे कीं नाहीं, हें आपणांस कळावयास मार्ग नाहीं; आणि भाषणापुरतें तें कळण्याचें कारणही नाहीं. परंतु आज ज्या यंत्राविषयीं मला सांगावयाचें आहे त्याचा सारा खटाटोप ह्याच गोष्टीसाठीं आहे. आवाज कसला आहे तें तर कळावेंच, पण तो कोणत्या बाजूनें आला तेंही ऐकणाराच्या कानास कळावें, हा त्याचा हेतु.

ह्या यंत्रास बाजारांत होम थिएटरचा रिसीव्हर म्हणतात. टीव्हीखालीं ठेवावयाची एक जड काळी पेटी, तिला तारांनीं जोडलेले पांच स्पीकर, आणि सहावा एक ठेंगणा, पोट सुटलेला, केवळ खर्जासाठीं असलेला स्पीकर, ज्याचें नांव सबवूफर, असा हा सरंजाम असतो. आमचें अक्कलकुवा सातपुड्याच्या पायथ्याशीं, गुजराथच्या शिवेलगत आहे. येथील मुलें सुरतेस, अंकलेश्वरास नोकरीधंद्यास जातात आणि दिवाळीच्या सुटींत असा एखादा सरंजाम घरीं घेऊन येतात. जोडणारा मनुष्य येतो, तारा जोडतो, दणक्याचें एखादें गाणें लावून दाखवितो आणि निघून जातो. पुढें तें यंत्र वर्षानुवर्षें त्याच स्थितींत राहतें. त्यांत मोजून भरावयाचे जे आंकडे असतात त्यांस कोणाचाही हात लागत नाहीं.

मी ध्वनिशास्त्राचा जाणकार नव्हें. मॅट्रिकपर्यंत शिकलेला, आणि सारें आयुष्य मुलांस भूमिति व अपूर्णांक शिकविण्यांत घालविलेला एक निवृत्त शिक्षक आहें. परंतु ह्या यंत्राची जुळणी म्हणजे शेवटीं मोजपट्टीचें आणि कानाचें काम आहे, असा मला अनुभव आला. आणि तें काम करण्याची पाळी माझ्यावर कशी आली तें सांगितल्यावांचून पुढचें नीट समजावयाचें नाहीं.

माझी थोरली बहीण, अक्का, आमच्याकडेच असते. काचबिंदूनें तिची दृष्टि जाऊन आतां दहा वर्षें होत आलीं. तरी ती चित्रपट ‘ऐकतें’ असें कधीं म्हणत नाहीं. ‘पाहतें’ असेंच म्हणते. मुलानें यंत्र आणलें तें मुख्यतः तिच्यासाठीं. पहिल्याच रात्रीं पावसाचा एक प्रसंग लागला. मांडणीवरचीं भांडीं थरथरूं लागलीं, खिडकीचीं तावदानें वाजूं लागलीं, शेजारी ओट्यावर येऊन विचारूं लागले. अक्का पंधरा मिनिटें बसली आणि म्हणाली, “भाऊ, पाऊस ऐकू येस, पण माणूस ऐकू येत नही.” मग आपला लहानसा ट्रान्झिस्टर घेऊन ती मागच्या खोलींत गेली, ती तो महिनाभर पुन्हां दिवाणखान्यांत आली नाहीं. ज्याच्यासाठीं पक्वान्न केलें तोच पानावरून उठून गेला, असें मला झालें.

तिचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. चित्रपटांतील माणसांचें बोलणें मुख्यतः पडद्याजवळच्या मधल्या स्पीकरांतून यावयाचें असतें. आमच्या घरीं तो मधला स्पीकर सर्वांत मंद, मागचे दोन सर्वांत मोठे, आणि सबवूफर पूर्ण उघडलेला, अशी व्यवस्था होती. शिवाय तार अपुरी पडली म्हणून मागचे दोन्ही स्पीकर एकाच भिंतीवर शेजारीं शेजारीं ठोकलेले होते.

आवाजाची दिशा म्हणजे काय, हें ज्यास समजून घ्यावयाचें असेल त्यानें एकदां होळीच्या रात्रीं आमच्या तालुक्यांतील काठी येथें जाऊन उभें राहावें. डोंगरांतील पाड्यापाड्यांवरून लोक वाजतगाजत येतात. मोठमोठे ढोल, पावऱ्या, नाचणारांच्या कमरेचे घुंगरू ह्यांचा नाद रात्रभर चालतो, आणि होळी पेटते ती पहांटे. त्या मैदानाच्या मधोमध डोळे मिटून उभें राहिलें तरी कोणता ढोल डावीकडे, कोणता पाठीमागें, कोणती टोळी जवळ येत आहे आणि कोणती दूर चालली आहे, हें बिनचूक सांगतां येतें. दृष्टि गेल्यानंतर अक्काला मी एकदां तेथें नेलें होतें. घरीं परतल्यावर तिनें शेजारणीस जें वर्णन सांगितलें तें ऐकून शेजारीण मला एकीकडे घेऊन विचारूं लागली, कीं तुमच्या बहिणीस थोडेंसें दिसतें काय?

हें कानास कसें साधतें? आपल्या दोन कानांमध्यें वीतभरही अंतर नाहीं. उजवीकडचा आवाज उजव्या कानावर आधीं पडतो आणि डाव्यावर किंचित् मागून. हा फरक फार झाला तर सेकंदाच्या हजाराव्या भागाचा दोन-तृतीयांश असतो. पण तेवढा मेंदूस पुरतो. शिवाय डोक्याच्या आडोशामुळें बारीक, उंच सूर पलीकडच्या कानास मंद ऐकूं येतात. खालचे सूर वेळेच्या फरकावरून आणि वरचे सूर जोराच्या फरकावरून ओळखले जातात, ही उपपत्ति लॉर्ड रॅले ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें १९०७ सालीं मांडली. आमच्या यंत्राच्या सर्व आंकड्यांच्या मुळाशीं ह्याच दोन गोष्टी आहेत: आवाज केव्हां पोहोंचला, आणि किती जोरानें पोहोंचला.

बोलपट आले तेव्हां सगळा ध्वनि पडद्याच्या एकाच जागेंतून येई. नट पडद्यावर डावीकडून उजवीकडे चालत गेला तरी त्याचा आवाज आपल्या जागीं खिळलेला. ॲलन ब्लुमलाइन ह्या इंग्रज अभियंत्यास ही विसंगति खटकली, आणि १९३१ च्या डिसेंबरांत त्यानें दोन वाटांच्या ध्वनीच्या पेटंटासाठीं अर्ज केला. वॉल्ट डिस्नेच्या ‘फँटेशिया’नें १९४० सालीं प्रेक्षकांच्या भोंवतालीं स्पीकर बसविण्याचा प्रयोग केला. आपल्याकडे १९७५ सालीं ‘शोले’ मुंबईच्या मिनर्व्हा चित्रगृहांत ७० मिलिमीटरच्या फितीवर, अनेक वाटांच्या ध्वनीसह लागला, तेव्हां त्यांतील नाणें पडल्याचा आवाज ऐकून लोक आपल्या खुर्चीखालीं पाहत, असें सांगतात. खरें खोटें देव जाणे. हल्लीं घरोघरीं जी पांच अधिक एक अशी वाटणी दिसते ती अंकीय स्वरूपांत चित्रगृहांत आली १९९२ सालीं, ‘बॅटमन रिटर्न्स’ ह्या चित्रपटाबरोबर. आणि पुढें तबकड्यांच्या द्वारें घरांत शिरली.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं.

आरंभीं टीव्ही किंवा सेट-टॉप बॉक्स रिसीव्हरकडे काय पाठवितो तें पाहावें. मूळ कार्यक्रमाचा ध्वनि सहा वाटांचा असला तरी टीव्हीच्या ध्वनीच्या मांडणींत ‘पीसीएम’ किंवा ‘स्टीरिओ’ निवडलेलें असल्यास तो बहुधा दोनच वाटांनीं बाहेर पडतो, आणि उरलेल्या वाटा रिसीव्हर अंदाजानें बनवितो. तेथें ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘डॉल्बी डिजिटल’ निवडावें. कोणत्या जातीचा ध्वनि येत आहे त्याचें नांव रिसीव्हरच्या दर्शनी पट्टीवर उमटतें. तें वाचावयाची संवय ठेवावी. आमच्याकडे तीन आठवडे ह्या एका निवडीपायीं मागच्या स्पीकरांस खरा माल मिळालाच नव्हता, आणि मी मात्र स्पीकरांस दोष देत होतों.

नंतर तारा तपासाव्या. प्रत्येक तारेचे दोन पदर असतात. तांबड्या खुणेचा पदर दोन्ही टोंकांस तांबड्या जागींच बसला पाहिजे. एखाद्याची अदलाबदल झाली तर एका स्पीकरचा पडदा हवा पुढें ढकलीत असतां दुसऱ्याचा ती मागें ओढतो. मग खर्ज गळून पडतो, आणि माणसाचा आवाज नेमका कोठून येतो तेंच कळेनासें होतें. हा दोष डोळ्यांनीं दोन मिनिटांत सांपडतो आणि कानांनीं दोन महिन्यांतही सांपडत नाहीं.

स्पीकरांच्या जागा ठरवितांना माझी भूमिति उपयोगीं पडली. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस अशी आहे कीं, ऐकणाराचें आसन हा शिरोबिंदु धरावा. मधला स्पीकर बरोबर समोर, पुढचे डावा व उजवा त्या सरळ रेषेपासून ३० अंशांवर, आणि मागचे दोन १०० ते १२० अंशांच्या दरम्यान. म्हणजे पुढच्या दोहोंतील कोन ६० अंशांचा झाला. आणि दोहोंचें आसनापासूनचें अंतर सारखें ठेविलें कीं आसन आणि ते दोन स्पीकर मिळून समभुज त्रिकोण होतो. मी सुतळी घेतली, शाळेंतला लांकडी कोनमापक घेतला, आणि अक्काच्या खुर्चीच्या पाठीस खिळा मारून तेथून सुतळी ताणली. आमचा दिवाणखाना बारा फूट रुंद आहे. पुढचे दोन स्पीकर आसनापासून नऊ फूट, आणि एकमेकांपासूनही नऊ फूट बसले. मागचे स्पीकर अगदीं पाठीमागें असावेत असा समज सार्वत्रिक आहे, पण तो बरोबर नाहीं; ते कानांच्या रेषेपासून थोडेसेच मागें, दोन बाजूंस असावयाचे असतात. उजवा मीं भिंतीवर, आसनापासून साडेसहा फुटांवर बसविला. डावीकडे दार असल्यामुळें तो एका घडवंचीवर पांच फुटांवर ठेवावा लागला. खोल्या कांहीं कोनमापक घेऊन बांधलेल्या नसतात. जेथें कोन साधत नाहीं तेथें आंकड्यांनीं भरपाई करतां येते, आणि रिसीव्हर त्यासाठींच आहे.

त्या संध्याकाळीं मोठ्या आर्जवानें मीं अक्काला खुर्चींत आणून बसविलें. एक मराठी चित्रपट लावला. ती थोडा वेळ ऐकत राहिली आणि मान वळवून म्हणाली, “हाऊ माणूस मना मांगेथीन का बोली राहिना?” पडद्यावरचा मनुष्य तिच्या मागून कां बोलतो, हा तिचा प्रश्न. मला वाटलें, मागचे स्पीकर मोठे झाले असतील. आवाज उतरविला; तरी तो मनुष्य मागेंच. ह्या कोड्याचें उत्तर शोधण्यांत माझे चार दिवस गेले.

दोन कारणें निघालीं. जोडणाऱ्यानें यंत्र ‘सर्व वाहिन्या स्टीरिओ’ ह्या प्रकारांत ठेविलें होतें, म्हणजे पुढचेंच बोलणें मागच्या स्पीकरांतूनही निघत होतें. गर्दीच्या मेजवानींत घरभर गाणें ऐकूं यावें म्हणून हा प्रकार ठीक आहे. चित्रपटास तो घातक. दुसरें कारण अंतराचें. रिसीव्हरमध्यें प्रत्येक स्पीकरचें आसनापासूनचें अंतर भरावयाची एक जागा असते. तेथें सर्वांसमोर बारा फूट हाच आंकडा होता. तो कारखान्यांतून आला असेल तसाच राहिलेला.

हें अंतर यंत्रास कशास हवें? ध्वनीचा वेग साधारण हवेंत, २० अंश उष्णतामानास, सेकंदास ३४३ मीटर आहे. आमच्या वैशाखांत तो ३५० च्याही वर जातो. स्थूलमानानें एक फूट चालावयास आवाजास सेकंदाच्या हजाराव्या भागाहून थोडा कमी वेळ लागतो. पुढचा स्पीकर नऊ फुटांवर आणि मागचा डावा पांच फुटांवर. दोघे एकदम बोलले तर मागच्याचा आवाज सुमारें चार सहस्रांश सेकंद आधीं पोहोंचणार. एवढ्याशा वेळाचें काय, असें आपण म्हणाल. पण कानाचा स्वभाव असा कीं, एकच आवाज दोन ठिकाणांहून आला तर जो आधीं पोहोंचला तिकडेच त्याचा उगम आहे असें तो समजतो, आणि मागून आलेला त्यांतच मिसळून टाकतो. हेल्मुट हास ह्या जर्मन संशोधकानें १९४९ सालीं हें प्रयोगांनीं दाखविलें. मागाहून येणारा आवाज बराच मोठा असला तरी पहिल्याचाच मान राहतो, असें त्यास आढळलें. मीं मागचा आवाज उतरविला तरी तो मनुष्य मागेंच कां राहिला, हें आतां आपल्या ध्यानांत येईल.

खरें अंतर भरलें म्हणजे रिसीव्हर जवळच्या स्पीकरास तेवढा वेळ थांबवून धरतो. शाळेच्या कवायतींत मैदानाच्या निरनिराळ्या कोपऱ्यांतून मुलें एकाच वेळीं मध्यभागीं यावींत म्हणून जवळच्या तुकडीस आम्ही थोडी उशिरा सोडीत असूं, तसेंच हें. म्हणून मोजपट्टी घ्यावी, बसल्यावर डोकें जेथें येतें तेथपासून प्रत्येक स्पीकरच्या तोंडापर्यंत मोजावें, आणि आंकडा भरतांना यंत्र फूट मागतें कीं मीटर, तें आधीं पाहावें. अर्ध्या फुटाची चूक चालते. आमचे आंकडे असे: पुढचे दोन ९ फूट, मधला पावणेआठ, मागचा डावा ५, मागचा उजवा साडेसहा, सबवूफर ११. कित्येकजण अंतर वाढवून भरलें कीं आवाज वाढेल असें समजून वाटेल तो आंकडा घालतात. अंतराचें काम वेळ जुळविण्याचें आहे. जोराची सोय निराळी आहे.

ती अशी. रिसीव्हरमध्यें ‘टेस्ट टोन’ म्हणून एक सोय असते. ती चालू केली म्हणजे धबधब्यासारखा सूं सूं असा आवाज एकेका स्पीकरांतून पाळीपाळीनें निघतो. हे सर्व आवाज आसनावर सारख्याच जोरानें ऐकूं आले पाहिजेत. जोर मोजण्याचें परिमाण डेसिबेल. ३ डेसिबेल वाढविणें म्हणजे स्पीकरास दुप्पट शक्ति देणें. परंतु कानास दुप्पट मोठें वाटावयास सुमारें १० डेसिबेल लागतात. मोजण्यासाठीं स्वतंत्र मापक मिळतो. तो नसल्यास मोबाइलमध्यें ध्वनिमापकाची सोय उतरवून घ्यावी. मोबाइलचा आंकडा निरपेक्षपणें अचूक नसतो, पण एका स्पीकरची दुसऱ्याशीं तुलना करावयास तो पुरतो. मापक कानाच्या उंचीवर धरून प्रत्येक स्पीकर ७५ डेसिबेलच्या आसपास आणावा असा प्रघात आहे. रिसीव्हरच्या मुख्य आवाजाचा आंकडा ‘उणें ३०’ असा दिसला म्हणून कोणी गोंधळूं नये. पुष्कळ यंत्रांत शून्य हें चित्रगृहांतील जोराचें ठिकाण मानून त्याखालचा आवाज उणें दाखवितात.

आमच्याकडे मागचा डावा स्पीकर जवळ, म्हणून तो तीन डेसिबेल उतरवावा लागला, उजवा दीड. ह्यानंतर मात्र मी नियमास थोडासा अपवाद केला. मधला स्पीकर इतरांच्या बरोबरीस आणून पुन्हां अडीच डेसिबेल वर चढविला. बोलण्यांतील व्यंजनें, ‘स’, ‘त’, ‘फ’ असलीं, उंच सुरांत राहतात, आणि वय झालें कीं मनुष्याच्या कानांतून प्रथम तेच सूर जातात. वृद्ध माणसें मोठ्यानें बोला म्हणत नाहींत, स्पष्ट बोला म्हणतात, त्याचें कारण हें. चित्रपट करणारे आपलें माप तरुण कानांनीं ठरवितात. ज्या घरांत साठीपुढचें कोणी आहे त्या घरीं मधला स्पीकर दोन-तीन डेसिबेल चढा ठेवण्यांत कोणाचाही अपमान होत नाहीं. तसेंच तो स्पीकर टीव्हीच्या खालच्या फडताळांत खोल कोंबूं नये. कडेस ओढून, तोंड किंचित् वर करून, ऐकणाराच्या चेहऱ्याकडे रोखावा.

हें झाल्यावर अक्काला पुन्हां बोलावलें. एका प्रसंगांत आगगाडी येते. गाडी गेल्यावर ती म्हणाली, “भाऊ, गाडी डावीकडून शिरली आणि माझ्या उजव्या खांद्यावरून मागें गेली. रूळ तिरपे टाकले आहेत का?” हा दोष जोडणाऱ्याचा नव्हता. स्पीकर हलवितांना मागच्या दोन तारांची अदलाबदल मीच केली होती, आणि तीन दिवस डोळे उघडे ठेवून तो चित्रपट पाहणाऱ्या आम्हां चौघांच्या तें लक्षांत आलें नव्हतें. पडद्यावर डोळा गुंतला कीं कान सढळपणें क्षमा करतो. तेव्हां जुळणी तपासतांना डोळे मिटून ऐकावें, हें मी अक्कापासून शिकलों.

आतां खर्जाचें. रिसीव्हर प्रत्येक स्पीकर ‘लार्ज’ कीं ‘स्मॉल’ असें विचारतो. पुष्कळांस आपला स्पीकर स्मॉल म्हणणें कमीपणाचें वाटतें आणि ते लार्ज भरतात. ह्याचा अर्थ फक्त एवढाच कीं, खर्ज त्याच स्पीकरानें उचलावयाचा कीं सबवूफरकडे पाठवावयाचा. घरगुती स्पीकर बहुधा हातभर उंचीचे असतात. त्यांस स्मॉल म्हणावें, आणि सेकंदास ८० कंपनांखालचे सूर सबवूफरकडे जातील असें ठेवावें. त्या सुरांची एक लाट चार मीटरांहून लांब असते, आणि तेवढ्या लांब लाटेची दिशा बंद खोलींत कानास उमगत नाहीं. म्हणून एकच सबवूफर सर्वांचें काम करूं शकतो. सबवूफरच्या पाठीमागें सुरांची मर्यादा ठरविणारी स्वतःची एक कळ असते. ती पूर्ण वर ठेवावी, नाहींतर दोन चाळण्या एकावर एक बसतात.

सबवूफर कोपऱ्यांत ठेविला कीं भिंती त्याचा आवाज फुगवितात. हा फुगवटाच मांडणीवरचीं भांडीं वाजवीत होता. त्याची योग्य जागा शोधण्याची एक युक्ति जाणकार सांगतात: सबवूफर क्षणभर ऐकणाराच्या आसनावर ठेवावा, खर्जाचें एखादें गाणें लावावें, आणि आपण खोलीच्या कडेकडेनें गुडघ्यांवर रांगत जावें, जेथें खर्ज घुमत नाहीं, गळतही नाहीं, आणि तबल्याच्या बांयाचा प्रत्येक ठोका वेगळा ऐकूं येतो, ती सबवूफरची जागा. ही युक्ति मीं केली. सबवूफर खुर्चींत मानानें बसला होता, अंगावर धोतर सांवरीत मी जमिनीवर रांगत होतों, आणि नातवंडें दारांत उभी राहून हंसत होतीं. जागा मिळाली ती टीव्हीच्या उजवीकडे, कोपऱ्यापासून चार फुटांवर. शिवाय त्याचा जोर चार डेसिबेल उतरविला. भांडीं तेव्हांपासून मुकीं आहेत.

एवढें करूनही खोलींत एक कर्कशपणा उरला. आमचें जुनें घर मातीच्या भिंतींचें होतें, त्यांत टाळी वाजविली तर ती तेथेंच मरे. नव्या घरास सिमेंटच्या भिंती, वर स्लॅब, खालीं गुळगुळीत फरशी. टाळी वाजविली कीं ती खणखणत राहते. ह्याला रिसीव्हरमध्यें औषध नाहीं. खालीं जाड सतरंजी अंथरली, मागच्या भिंतीवर एक जुनी गोधडी टांगली, आणि बाजूस पुस्तकांचें उघडें कपाट सरकविलें. गोधडीचा परिणाम पाहून मला स्वतःलाच आश्चर्य वाटलें.

हल्लीं बहुतेक रिसीव्हरांबरोबर एक लहान मायक्रोफोन येतो, आणि यंत्र आपण होऊन सर्व मापें घेतें. ही सोय वाईट नाहीं. मायक्रोफोन हातांत न धरतां आसनावर कानाच्या उंचीस टेकवावा, पंखा बंद करावा, सर्वांस खोलीबाहेर काढावें. आमच्या पहिल्या खेपेस शेजारचा कोंबडा आरवला आणि यंत्रानें एक स्पीकरच नाहीं असा निकाल दिला. त्याचे आंकडे मागाहून मोजपट्टीशीं ताडून पाहावे. सबवूफरचें अंतर प्रत्यक्षाहून लांब निघालें तर तें बदलूं नये. सबवूफरच्या पोटांतील यंत्रणेंतच थोडा वेळ जातो, आणि तो वेळ यंत्र अंतराच्या रूपानें दाखवितें. बाकी आंकड्यांत मोठी तफावत असली तर मोजपट्टीवर विश्वास ठेवावा.

ध्वनीच्या प्रकारांची जी लांबलचक यादी रिमोटवर असते तिच्यांत फारसें गुंतण्याचें कारण नाहीं. चित्रपट ज्या स्वरूपांत आला असेल त्याच स्वरूपांत ऐकावा. दोन वाटांच्या चित्रपटास ‘डॉल्बी सराउंड’ किंवा ‘प्रो लॉजिक’ लावल्यास बोलणें मधल्या स्पीकरांत येतें, हा फायदा आहे. गाण्यास साधा स्टीरिओ बरा. बालगंधर्वांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका मुळांतच एका वाटेच्या. त्यांस पांच बाजूंनीं वाजविणें म्हणजे एका गवयाचे पांच करणें होय. रात्रीं घरांत कोणी निजलें असल्यास ‘नाइट मोड’ लावावा; तो मोठे आवाज दाबतो आणि लहान उचलतो, त्यामुळें कुजबूज ऐकूं येते आणि बंदुकीनें लहान मूल जागें होत नाहीं. ओंठ आधीं हलतात आणि शब्द मागून येतात, किंवा ह्याच्या उलट, असें दिसल्यास ‘लिप सिंक’ ह्या नांवाची जी जागा असते तेथें थोडथोडा आंकडा बदलून पाहावा.

अक्का आतां रोज संध्याकाळीं आपल्या खुर्चींत येऊन बसते. परवां एका चित्रपटांत कोणी न बोलतां खोलींत येतें, असा प्रसंग होता. आम्हां सर्वांचे डोळे पडद्यावरच्या बाईच्या चेहऱ्यावर, अक्का मात्र डावीकडे मान करून म्हणाली, “दार उघडलें.” दोन क्षणांनीं पडद्यावरची बाई त्याच बाजूस वळली.

शेवटची सूचना व्यवहाराची आहे. सर्व आंकडे कागदावर लिहून तो कागद रिसीव्हरच्या पाठीस चिकटवावा. बाजारच्या दिवशीं पोरासोरांची ये-जा फार, कोणाचा हात कोठें पडेल सांगतां येत नाहीं. गेल्या दिवाळींत नातवानें खेळतां खेळतां सारें यंत्र कारखान्याच्या मूळ स्थितीवर नेलें आणि भीतीनें कोणास सांगितलें नाहीं. संध्याकाळीं टीव्ही लावला. आम्हांस कांहीं वेगळें वाटलें नाहीं. अक्कानें विचारलें, “आज पेटीला हात कोणी लावला?” मीं कागद काढला आणि चष्मा लावून आंकडे पुन्हां भरावयास बसलों, नातू शेजारीं बसून मोठ्यानें वाचून दाखवीत होता.